रायफलचा ट्रिगर चिकटू नये म्हणून: कोणता क्लीनर, कोणते तेल आणि किती

ट्रिगर दाबून सोडला की तो टपकन जागेवर यायला हवा. तो रेंगाळत परत येऊ लागला, किंवा पहिला टप्पा संपल्याची ती बारीक ‘भिंत’ बोटाला एकदा लागते आणि एकदा लागतच नाही असे होऊ लागले, की लोक स्प्रिंगवर संशय घेतात. स्प्रिंग बहुतेक वेळा ठणठणीत असते. आत तेल सुकलेले असते, आणि ते तेल बहुधा मालकानेच रायफलच्या काळजीपोटी घातलेले असते.

बॅरलला तेलाचा हात लागतो, बॅरल मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या लग्जना (अडकणाऱ्या दातांना) ग्रीस लागते. ट्रिगरच्या पेटीला मात्र तेल फारच थोडे लागते. तिला हवे असते मळ धुऊन स्वतः पूर्ण उडून जाणारे सॉल्व्हंट, आणि त्यानंतर सुईच्या टोकावर मावेल एवढे तेल. पुढचे सगळे या दोन गोष्टींभोवतीच आहे.

किटण धरते कसे

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावर जे तपकिरी, नखाने खरवडावे लागणारे किटण बसते, तेच ट्रिगरमध्ये बसते. तेलाचा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू जोडला जातो, त्याचे रेणू एकमेकांत गुंफतात, तेल आधी मधासारखे होते आणि मग वार्निशसारखे. थर जितका पातळ तितका तो हवेला जास्त उघडा, म्हणून बाटलीत वर्षानुवर्षे चांगले राहिलेले तेल ट्रिगरच्या पिनेवर (जिच्यावर आतला भाग फिरतो) काही महिन्यांत चिकट होऊ शकते. त्यात धूळ, कापसाचे तंतू आणि काजळी मिसळली की काम पूर्ण होते.

वनस्पती तेले यात सगळ्यांत वाईट. जवसाचे तेल रायफलच्या लाकडी दस्त्याला चोळतात ते याच गुणासाठी: ते सुकून कडक होते. दस्त्याला सढळ हाताने लावलेले हेच तेल ट्रिगरच्या खाचेत झिरपले तर तिथेही कडकच होणार. खोबरेल तेल सुकायला वेळ घेते, पण ते २४ अंश सेल्सियसच्या आसपास थिजते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, हे लक्षात असले म्हणजे ते ट्रिगरपासून लांब का ठेवायचे ते सांगायला नको.

पण सगळे किटण मुद्दाम घातलेल्या तेलातून येत नाही. मोठा वाटा येतो बॅरल साफ करताना. बोल्ट काढून मागून रॉड घातला, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी, मागून बसणारी नळी) लावली नाही, की सॉल्व्हंट, काजळी आणि तांब्याचा निळसर-हिरवा रस चेंबरमधून (काडतूस बसते त्या जागेतून) मागे वाहतो आणि सिअरच्या (काडतुसावर आपटणारी पिन अडवून धरणाऱ्या खटक्याच्या) फटीतून थेट ट्रिगरच्या पेटीत उतरतो. मग रायफल दस्ता खाली करून कपाटात उभी राहते आणि बॅरलमधले उरलेले तेल रात्रभर त्याच वाटेने ओघळते. बोअर गाइड वापरणे, साफ करताना नळीचे तोंड मागच्या बाजूपेक्षा किंचित खाली ठेवणे, आणि साफसफाईनंतरची पहिली रात्र रायफल तोंड खाली करून, खाली फडके ठेवून उभी करणे, एवढ्या तीन सवयींनी ट्रिगर धुण्याच्या निम्म्या खेपा वाचतात.

.२२ रायफलचा मळ वेगळा असतो. गोळीवरचे मेण किंवा ग्रीस, न जळलेल्या पावडरचे कण आणि प्रायमरची (पावडर पेटवणाऱ्या मिश्रणाची) राख हे सगळे लोडिंगच्या जागेतून खाली झिरपते. अशा रिमफायर (कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसांच्या प्रायमरमध्ये घर्षणासाठी काचेची पूड वापरण्याची पद्धत जुनी आहे. तेलात कालवलेली ही राख म्हणजे पॉलिश पेपरचा लेपच.

एवढ्याशा थराने काय बिघडते

पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ट्रिगरच्या वजनाला, म्हणजे तो सुटायला लागणाऱ्या जोराला, किमान मर्यादा नाही. १० मीटर एअर रायफललाही नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र किमान १५०० ग्रॅम लागतात. अँशुट्झच्या ५०१८ सारख्या दोन टप्प्यांच्या मॅच ट्रिगरवर नेमबाज शंभर ग्रॅमच्या आसपास वजन ठेवतात. सिअर आणि लिव्हर एकमेकांवर अर्ध्या मिलिमीटरहून कमी टेकलेले असतात, आणि त्यांना परत आणणाऱ्या स्प्रिंगा केसासारख्या हलक्या. दीड-दोन किलोच्या जुन्या ट्रिगरला जो चिकट थर कळणारही नाही, तो इथे दर शॉटला वजन बदलतो.

वजन बदलणे हा गुणांचा प्रश्न झाला. खरा धोका सिअरचा आहे. बोल्ट मागेपुढे करताना सिअर झटकन वर येऊन फायरिंग पिन अडवते. ती चिकटून अर्ध्यावरच थांबली तर बोल्ट बंद होतानाच पिन पुढे जाते. चेंबरमध्ये काडतूस असेल तर बोट ट्रिगरला न लागता गोळी सुटते. फटीत साचलेला कोणताही परका पदार्थ हे करू शकतो. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतल्या रेमिंग्टनने मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरांमध्ये जुळणीच्या वेळी लावलेला चिकट पदार्थ काही ठिकाणी जास्त झाला होता, आणि त्यामुळे न दाबता फायर होण्याची शक्यता होती. तेव्हा ‘जरासे तेलकट आहे, चालतंय’ असे म्हणून ट्रिगर तसाच ठेवू नका.

धुण्यासाठी काय घ्यावे

पहिली पसंती लायटर फ्लुइडला, म्हणजे झिप्पोसारख्या लायटरमध्ये भरतात ते शुद्ध नॅफ्था. तेल, ग्रीस, मेण ते चांगले विरघळवते, काही मिनिटांत उडते आणि मागे जवळपास काहीच ठेवत नाही. पानाच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. चांगले आहे का ते पाहायला स्वच्छ काचेवर दोन थेंब टाका. वाळल्यावर काच उजेडात तिरकी धरा. कडा दिसली, बोट फिरवल्यावर ओशट लागले, तर ते ट्रिगरमध्ये घालू नका. कोणतेही नवे सॉल्व्हंट आधी या काचेवरून गेले पाहिजे.

दुसरे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचे. मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्याकडे मिळते. ताज्या तेलावर ते नॅफ्थाइतके चालत नाही, पण जुने, तपकिरी झालेले वार्निश मऊ करायला उपयोगी पडते. कारण तेल सडून वार्निश झाले की त्याचा स्वभाव बदलतो आणि निव्वळ नॅफ्थाला ते दाद देत नाही. ७० टक्क्यांचे नको, त्यात उरलेले पाणीच असते. हँड सॅनिटायझर तर मुळीच नको. पाण्याबरोबर बहुधा ग्लिसरीनही येते.

इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो, फक्त डब्यावर ‘प्लास्टिकला सुरक्षित’ आणि ‘अवशेष राहत नाही’ असे दोन्ही लिहिलेले असावे. काही कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये मुद्दाम तेल घातलेले असते, ते टाळा.

आता जे हाताशी असते म्हणून वापरले जाते त्याविषयी. रॉकेल ओशट थर ठेवते आणि सावकाश वाळते. पेट्रोलमध्ये बेन्झीन आणि तऱ्हेतऱ्हेची अ‍ॅडिटिव्हज असतात. तब्येतीला वाईट, आगीला आमंत्रण, आणि मागे डिंकासारखा थर. रंगाचे टर्पेंटाइन रॉकेलचाच भाऊ. एनसी थिनर, कार्ब क्लीनर आणि अ‍ॅसिटोन असलेला ब्रेक क्लीनर मळ झकास काढतात, पण दस्त्याचे पॉलिश आणि काही प्लास्टिकचे भागही घेऊन जातात. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. अ‍ॅडजस्टमेंटचे स्क्रू फिरू नयेत म्हणून त्यांच्या माथ्यावर लाखेचा किंवा नेलपॉलिशसारखा ठिपका दिलेला असतो. अ‍ॅसिटोन तो ठिपका विरघळवते. ट्रिगर त्या दिवशी छान चालतो, आणि दोन-तीनशे शॉटनंतर स्क्रू हळूच सरकलेला असतो.

डब्ल्यूडी-४० घराघरात असते. १९५३ साली ते बनले ते पाणी हटवण्यासाठी. ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, चाळिसावा प्रयत्न, असे ते नाव. त्यातले सॉल्व्हंट उडते आणि तेल मागे राहते. भिजलेल्या बॅरलवर जरूर वापरा. ट्रिगरमध्ये दर महिन्याला फवारत राहिलात तर थरावर थर चढत जातो, आणि प्रत्येक फवारणीनंतर ट्रिगर दोन दिवस मोकळा वाटत असल्याने दोष भलत्याचाच काढला जातो. सीएलपी, म्हणजे साफ करणे, वंगण आणि गंजरोधन एकाच बाटलीत, हेही तसेच: त्यातला वंगणाचा भाग राहण्यासाठीच बनवलेला आहे. बोल्ट आणि बॅरलला उत्तम, ट्रिगरच्या पेटीला नाही.

वंगण

शिलाई मशीनचे तेल ताजे, पातळ आणि स्वच्छ असते, आणि वर्षातून एकदा धुतल्या जाणाऱ्या ट्रिगरच्या पिनांना ते अगदीच वाईट नाही. पण निवड असेल तर घड्याळासाठी किंवा बारीक यंत्रांसाठी मिळणारे सिंथेटिक तेल घ्या. ते सावकाश ऑक्सिडाइझ होते आणि थंडीत घट्ट होत नाही. १० मिलिलिटरची बाटली काही वर्षे पुरते.

सिअर जिथे लिव्हरवर टेकते त्या पृष्ठभागासाठी कोरडे वंगण चांगले: मॉलिब्डेनम डायसल्फाइड, बाजारातले नाव ‘मॉली’. पावडर किंवा अगदी चिमूटभर पेस्ट टूथपिकच्या टोकाने घासायची आणि वरचे सगळे पुसून टाकायचे. पृष्ठभाग करडा दिसला म्हणजे झाले. ग्रॅफाइट दमट हवेत चांगले घसरते, हे खरे. पण अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत ओलावा असताना ते गंजाला मदत करते, आणि आजच्या बऱ्याच मॅच ट्रिगरांची पेटी अ‍ॅल्युमिनियमची असते. कुलपासाठी आणलेली ग्रॅफाइटची नळी कुलपालाच राहू द्या.

काही ट्रिगरांचे उत्पादक आतल्या भागांना कोणतेही तेल नको असे स्पष्ट लिहितात. तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत तसे असेल तर इथला वंगणाचा भाग सोडून द्या.

कोणते तेल घ्यावे यावर वाद घालण्यापेक्षा एप्रिलमध्ये हे करून पाहा. काचेच्या एका लांब पट्टीवर प्रत्येक तेलाचा एकेक थेंब ओळीने द्या, शेजारी मार्करने नाव लिहा, पट्टी थोडी तिरकी करून उन्हाच्या खिडकीत सहा आठवडे ठेवा. जाळीने झाका, पण हवा लागू द्या. मग टूथपिकने प्रत्येक थेंबाला स्पर्श करा. जो ओघळला, पण अजून पातळ आहे तो ठीक. टूथपिकला तार सुटली तो बाद. साध्या लोखंडी पट्टीवर हीच तेले पुसून पावसाळ्यात बाल्कनीत ठेवली तर गंजाचाही निकाल मिळतो.

धुण्याची पद्धत

लागणारे सामान: लायटर फ्लुइड ५० मिलिलिटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल १० मिलिलिटर, बोथट सुईची १० मिलिलिटरची सिरिंज, पांढरा इनॅमलचा ट्रे, मऊ नायलॉन ब्रश, कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर, नायट्राइल हातमोजे, चष्मा, तंतू न सुटणारे फडके.

नॅफ्थाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबची ज्योत गाठते. खोलीत गॅस, सिगारेट, हीटर तर नकोच, पण शेजारच्या देवघरातली समईही आधी शांत करा. काम गॅलरीत किंवा खिडक्या उघडून करा.

१. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा.

२. ट्रिगर गेज (हे वजन मोजणारे साधन) असेल तर रिकाम्या रायफलमध्ये बोल्ट परत घालून धुण्याआधी दहा वेळा वजन घ्या, लिहून ठेवा आणि बोल्ट पुन्हा काढा. सरासरीपेक्षा दहा आकड्यांतला फरक जास्त बोलतो. शंभर ग्रॅमच्या ट्रिगरवर आकडे पंधरा-वीस ग्रॅमने वरखाली होत असतील तर आत किटण आहे असे समजून चला.

३. अ‍ॅक्शन (बॅरल आणि ट्रिगर असलेला धातूचा भाग) दस्त्यातून काढा, म्हणजे सॉल्व्हंट लाकडाला आणि बेडिंगला (हा भाग दस्त्यात टेकतो त्या भरावाला) लागणार नाही. अ‍ॅक्शन स्क्रू टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याएवढेच घट्ट करून परत लावायचे आहेत, हे ध्यानात ठेवा. ट्रिगरची पेटी उघडू नका. त्यातल्या स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत, आणि सापडल्या तरी बसत नाहीत.

४. अ‍ॅक्शन नेहमीच्या स्थितीत ट्रेवर धरा, ट्रिगर खाली. वरून, सिअरच्या फटीतून सिरिंजने १० ते १५ मिलिलिटर नॅफ्था सावकाश सोडा. मळ वरून खाली आणि बाहेर पडला पाहिजे. खालून फवारलात तर तो वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. ट्रिगर दाबत, बोटाने सिअर खाली-वर करत वीसेक वेळा हलवा. ट्रेमध्ये चहासारखा रंग उतरताना दिसेल.

५. पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा सोडा. ट्रेमधले द्रव स्वच्छ येईपर्यंत, साधारण तीन खेपा.

६. तरीही सिअर आळशी असेल तर आयसोप्रोपिल ५ मिलिलिटर सोडून दहा मिनिटे मुरू द्या, दिसणाऱ्या कडा ब्रशने हलकेच घासा, आणि शेवटी पुन्हा नॅफ्था.

७. ब्लोअरने फुंका आणि तासभर वाळू द्या. हेअर ड्रायर नाही, कारण आत तापलेली तार असते. कॉम्प्रेसरची हवाही नाही. ती मळ पिनांच्या भोकात ठासते.

आता ट्रिगर पूर्ण कोरडा आहे आणि त्याच्या पोलादावर काहीच नाही. अलिबाग-रत्नागिरीच्या हवेत जुलैमध्ये असे उघडे पोलाद एका रात्रीत तांबूस पडू शकते, म्हणून वंगण त्याच बैठकीत द्या. ड्रॉपरचा एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर, आणि तो सगळ्या ट्रिगरसाठी जास्तच होतो. शिवणाची सुई तेलात बुडवा, टोक फडक्याला टेकवून जादाचे तेल सोडा, आणि प्रत्येक पिनेच्या टोकाला फक्त स्पर्श करा. तेल स्वतः आत ओढले जाते. पिनेभोवती चमकणारे कडे दिसले तर जास्त झाले. फडक्याच्या टोकाने टिपून घ्या. स्प्रिंगांना काही नको. पेटीच्या बाहेरच्या भागावर तेलाचे फडके एकदा फिरवून कोरड्या फडक्याने पुसा.

जोडल्यावरच्या चाचण्या

काडतूस नाही, तोंड सुरक्षित दिशेला. .२२ मध्ये स्नॅप कॅप (नकली काडतूस) घाला, पुस्तिकेत ड्राय फायरची (रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबण्याची) स्पष्ट परवानगी असेल तरच ती वगळा.

बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा. फायरिंग पिन एकदाही सुटता कामा नये. सेफ्टी लावा, ट्रिगर घट्ट दाबा, सोडा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा; काहीच व्हायला नको. कॉक केलेल्या (पिन मागे ताणून अडकवलेल्या) रायफलच्या दस्त्याला रबरी हातोडीने चारही बाजूंनी ठोका. शेवटी ट्रिगर अगदी सावकाश अर्धा दाबून सोडा आणि तो पूर्ण पुढे येतो का पाहा.

धुतल्यावर वजन कमी भरते आणि यात एक सापळा आहे. मळलेला असतानाच कोणी स्क्रू फिरवून वजन ‘जुळवले’ असेल, तर मळ निघाल्यावर सिअरची पकड धोकादायकरीत्या कमी राहिलेली असू शकते. ठोकण्याच्या चाचणीत पिन एकदा जरी सुटली तरी ती रायफल रेंजवर न्यायची नाही.

वेगळ्या रायफलींसाठी

ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३१५ बोल्ट अ‍ॅक्शनचा ट्रिगर ली-एन्फिल्ड घराण्यातला, उघडा आणि दणकट आहे. तिथे अडचण बहुधा कारखान्यातून किंवा लांबच्या साठवणीतून आलेल्या जाड गंजरोधक ग्रीसची असते. या एका कामाला रॉकेल चालते: सुटे भाग तासभर भिजवा, ब्रशने घासा, मग नॅफ्थाने रॉकेलचा ओशटपणा धुऊन काढा. सिअरचे नाक आणि कॉकिंग पीसची (फायरिंग पिनच्या मागच्या तुकड्याची) खाच यांवर मॉली ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पसरून लावायला हरकत नाही.

प्री-चार्ज्ड (आधीच दाबाची हवा भरून ठेवलेल्या) एअर रायफलमध्ये पावडरची राख नसते, पण २०० बारच्या दाबाची हवा असते. त्या दाबाखाली पेट्रोलियम तेलाची वाफ पेट घेऊ शकते. भरण्याच्या व्हॉल्व्हजवळ कोणतेही खनिज तेल नको, आणि सॉल्व्हंट रबरी ओ-रिंगपर्यंत पोचू देऊ नका. इथे सिरिंजने धुणे टाळून नॅफ्थात ओलावलेल्या ब्रशने दिसणारे भाग पुसणे बरे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरला काहीच घालू नका. फक्त कोरडा ब्लोअर.

कधी आणि कुठे ठेवून

नियमित सराव असेल तर .२२ चा ट्रिगर दर तीन महिन्यांनी तपासा आणि वर्षातून एकदा धुवा, शक्यतो मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी. पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नका. दोन्ही ओल धरतात, आणि कमावलेल्या चामड्यातल्या क्षारांनी पोलादावर ठिपके पडतात. कपाटात हायग्रोमीटर लावा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सिलिका जेलचा रंग बदलला की भाजून घ्या. एसी रेंजवरून दमट हवेत बाहेर काढलेल्या रायफलवर क्षणात दव धरते, ट्रिगरच्या आतही. घरी आल्यावर रायफल नेण्याची पेटी उघडून तासभर तशीच ठेवा आणि मगच पुसा.

दोन वेळा नीट धुऊनही ट्रिगर रेंगाळत असेल, गेजवरचे आकडे स्थिर होत नसतील, किंवा सिअरच्या कडेवर भिंगाखाली चमकणारी गोल झीज दिसत असेल, तर तिथे क्लीनरचे काम संपले. कडा दगडावर घासून ‘साफ’ करू नका. त्यावरची कडक केलेली त्वचा फार पातळ असते. परवानाधारक गनस्मिथकडे द्या, आणि देताना कोणते सॉल्व्हंट, कोणते तेल, किती आणि कधी घातले ते कागदावर लिहून सोबत द्या.